वणव्यात टॉवर बंद पडले तर इशारा कसा पोहोचेल? उपग्रह संदेशांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डोंगरउतारांवर वणवे पेटले. तेव्हापासून कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत, आणि त्यांच्या काळजीने पुण्या-नाशकात रात्र जागवणाऱ्या नातेवाइकांत, "टॉवर गेले तरी उपग्रहावरून मेसेज येतो म्हणे, खरं का?" हा प्रश्न फिरतो आहे. हो, येतो. पण कधी येतो आणि कधी येत नाही हे नीट कळलं नाही, तर त्याच भरवशावर माणूस घरात थांबून राहील. म्हणून उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

उपग्रहावरून इशारा म्हणजे नेमकं काय?

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली, उपग्रहाने वरून आग टिपणं. त्यात तुमच्या फोनचा संबंध नाही. दुसरी, प्रशासनाने काढलेला धोक्याचा इशारा टॉवरऐवजी उपग्रहामार्फत तुमच्या फोनवर पोहोचणं. तिसरी, तुम्ही स्वतः उपग्रहामार्फत मदत मागणं किंवा घरच्यांना "सुखरूप आहे" एवढं कळवणं. या पानावर मुख्यतः दुसऱ्या गोष्टीबद्दल आणि थोडं तिसरीबद्दल लिहिलं आहे.

शहरात इतके टॉवर असताना उपग्रह कशाला हवा?

कारण वणव्यात सगळ्यात आधी टॉवरच हातचे जातात. टॉवर स्वतः जळतो, नाहीतर त्याला जोडणारी फायबरची तार जळते, नाहीतर वीज जाते आणि बॅटरी काही तासांत संपते. शिवाय जोराचा वारा सुटला की तारांमधून ठिणगी पडू नये म्हणून कॅलिफोर्नियातल्या वीज कंपन्या स्वतःहून वीज तोडतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये अशी वीज तोडली गेली तेव्हा मरिन काउंटीतले (काउंटी म्हणजे जिल्हा) निम्म्याहून अधिक टॉवर बंद पडले होते. आगीचा धोका सर्वाधिक असतो त्याच दिवशी फोन मुके होतात. पुढच्या वर्षी राज्याने नियम केला की आगीचा धोका जास्त असलेल्या भागात मोबाइल कंपन्यांनी ७२ तास पुरेल एवढी पर्यायी वीज ठेवावी. नियम चांगलाच आहे, पण टॉवरच जळाला तर बॅटरी काय करणार?

८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज या गावाजवळ 'कॅम्प फायर' पेटली. पहिल्याच दिवशी १७ टॉवर निकामी झाले, आणि अनेकांपर्यंत गाव सोडण्याची सूचना पोहोचलीच नाही. त्या आगीत ८५ माणसं गेली.

हवाईतल्या माउई बेटावरचं लाहायना तर आणखी जिव्हारी लागतं. ८ ऑगस्ट २०२३ ला तिथे १०२ जणांचा जीव गेला. बेटावर ८० भोंगे होते. एकही वाजवला गेला नाही. त्सुनामीचा भोंगा समजून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीच्याच दिशेने धावतील अशी भीती वाटली, असं तिथल्या आपत्ती विभागाच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं, आणि पाठोपाठ राजीनामा दिला. मोबाइलवर इशारा पाठवला होता, पण वीज गेलेली, टॉवर बंद. इशारा निघाला होता, वाटेत हरवला. उपग्रह भरून काढतो ती हीच तूट.

माझ्या साध्या फोनला उपग्रह कसा काय सापडतो? वर छत्री लागत नाही का?

स्टारलिंकच्या, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या उपग्रहांवरून येणाऱ्या, घरगुती इंटरनेटला छत्री लागते. इथे ती लागत नाही. मोबाइलशी थेट बोलणारे स्टारलिंकचे उपग्रह जमिनीपासून साधारण ३६० किलोमीटरवर, तासाला सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने फिरतात. त्यांच्यावर मोठा अँटेना असतो आणि ते तुमच्या फोनला समजणाऱ्या नेहमीच्या ४जी लहरींतच बोलतात. त्यामुळे फोनला तो फक्त एक लांबचा, क्षीण आवाजाचा टॉवर वाटतो. एक उपग्रह काही मिनिटांतच डोक्यावरून निघून जातो, मग पुढचा येतो. मधल्या वेळात संदेश रखडतो.

खरी मेख अशी की उपग्रह तो संदेश दुसऱ्या उपग्रहाकडे लेझरने देऊ शकतो आणि दूरच्या एखाद्या सुरक्षित केंद्रावर उतरवू शकतो. तुमच्या गावातली वीज, फायबर, टॉवर यातलं काहीही शाबूत असण्याची गरज उरत नाही.

सरकारी इशारा आणि एसएमएस यात फरक काय?

एसएमएस एकेका नंबरला जातो. लाखो लोकांना एकदम पाठवायचा झाला की रांग लागते. अमेरिकेत २०१२ पासून चालू असलेला वायरलेस इमर्जन्सी अलर्ट मात्र सेल ब्रॉडकास्ट पद्धतीने जातो. रेल्वेच्या फलाटावरच्या घोषणेसारखं आहे ते: तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ऐकू येणार, कोणाचं नाव-गाव विचारलं जाणार नाही. नोंदणी लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि गर्दीने अडत नाही. उपग्रहासाठी हीच पद्धत सोयीची आहे, कारण त्याच्याकडे जागा थोडी असते आणि ऐकणारे पुष्कळ.

अडचण आहे ती नेम धरण्याची. उपग्रहाच्या एका झोताखाली जमिनीचा फार मोठा पट्टा येतो. म्हणून इशाऱ्यासोबत धोक्याच्या क्षेत्राच्या सीमाही पाठवता येतात, आणि आपण त्या सीमेत आहोत का हे नवे फोन स्वतःच तपासतात. जुन्या फोनांना हे जमत नाही, त्यामुळे त्यांच्यावर शेजारच्या भागाचा इशाराही वाजू शकतो.

हे प्रत्यक्षात कुठे वापरलं गेलं आहे का?

सप्टेंबर २०२४ मध्ये टी-मोबाइल ही अमेरिकी मोबाइल कंपनी आणि स्पेसएक्सने उपग्रहामार्फत आपत्कालीन इशाऱ्याची पहिली चाचणी केली. विषय वणव्याचाच होता: घर सोडण्याची काल्पनिक सूचना वर पाठवली आणि ती काही सेकंदांत खाली फोनवर उतरली. त्याच महिन्याच्या अखेरीस हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागातले टॉवर झोपवले, तेव्हा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ऑक्टोबरमध्ये तात्पुरती परवानगी दिली. त्या वेळी इशारे सर्व कंपन्यांच्या फोनांसाठी प्रसारित झाले. साधे मजकूर मात्र टी-मोबाइलच्या ग्राहकांपुरते होते.

जानेवारी २०२५ मध्ये, व्यावसायिक सेवा सुरू व्हायच्या आधीच, हीच सोय लॉस एंजेलिसच्या आगग्रस्त भागासाठी उघडली गेली. लोकांना इशारे मिळावेत, घरच्यांना मजकूर पाठवता यावा आणि ९११ या आपत्कालीन क्रमांकावर मजकुराने मदत मागता यावी हा हेतू होता. पुढे जुलै २०२५ मध्ये टी-मोबाइलची ही सेवा रीतसर सुरू झाली. आता दुसऱ्या कंपनीचा ग्राहकही ती वेगळी विकत घेऊ शकतो.

म्हणजे त्या आगीत उपग्रहामुळे लोक वाचले?

असं म्हणणं चुकीचं ठरेल. ७ जानेवारीच्या सकाळी पॅलिसेड्सची आग लागली, संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास ईटनची. उपग्रहाची सोय उघडली ती त्यानंतर काही दिवसांनी, तोवर सगळ्यात भीषण रात्र सरून गेली होती.

त्या रात्री ईटनच्या आगीत सापडलेल्या अल्टाडेना गावात काय झालं हे समजून घेणं मला उपग्रहापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. गावाच्या पूर्व भागाला घर सोडायची सूचना संध्याकाळीच मिळाली. लेक अॅव्हेन्यूच्या पश्चिमेकडच्या वस्तीला ती पहाटे साडेतीनच्या आसपास गेली, म्हणजे आग लागून नऊ तास उलटल्यावर. ईटनच्या आगीत १९ माणसं गेली. जवळजवळ सगळी या पश्चिम भागातली होती, आणि त्यांत वयस्कर माणसं बरीच होती. काउंटीने नंतर स्वतंत्र समीक्षा करून घेतली. तिच्यात जुनाट कार्यपद्धती आणि सूचना देण्यातल्या विसंगतींवर बोट ठेवलं आहे.

आता विचार करा. आकाशात कितीही उपग्रह असते तरी त्या पश्चिम वस्तीला रात्री दहा वाजता काय मिळालं असतं? काहीच नाही, कारण पाठवायला सूचनाच निघाली नव्हती. लाहायनात इशारा निघाला पण पोहोचला नाही. अल्टाडेनात तो वेळेवर निघालाच नाही. पहिल्या दुखण्यावर उपग्रह हे औषध आहे. दुसऱ्यावर नाही. कंपन्यांच्या जाहिराती वाचताना आणि निवडून दिलेल्या लोकांना जाब विचारताना हा फरक लक्षात ठेवावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

चुकीचा इशाराही गेला होता ना?

हो. ९ जानेवारी २०२५ ला कॅलाबासस-अगोरा हिल्स परिसरातल्या केनेथ आगीसाठीची सूचना अख्ख्या लॉस एंजेलिस काउंटीला, म्हणजे जवळपास एक कोटी लोकांना गेली. दुसऱ्या दिवशी पहाटेही नको तिथे फोन वाजले. वैतागून अनेकांनी फोनमधले इशारेच बंद केले. तुमच्याही घरी कोणी केले असतील तर आज परत चालू करा. खोट्या इशाऱ्याने झोपमोड होते, पण बंद केलेल्या फोनवर खरा इशारा येतच नाही.

दाट धुरातून संदेश पोहोचतो का?

पोहोचतो. या रेडिओलहरींची लांबी साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटर असते आणि धुराचे कण तिच्यापुढे नगण्य असतात. अडवतात ते डोंगरकडे, उंच इमारती, छप्पर आणि झाडांचं दाट आच्छादन. रेडवुडच्या राईत उभे असाल तर मोकळ्या जागेत या.

रात्री घरात झोपलेलो असताना उपग्रहावरून इशारा येईल का?

येईल असं धरून चालू नका. ही या तंत्राची सगळ्यात मोठी मर्यादा आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. लहर इतकी क्षीण असते की छपराखाली आणि भिंतींआड ती बहुधा पोहोचत नाही. खिडकीपाशी कधी पकडते, कधी नाही. आणि आग रात्रीही येते, माणसाला झोपेत गाठते.

म्हणून रात्रीसाठी दुसरी सोय हवी. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ उशाशी ठेवावा. इशारा आला की तो आपोआप वाजतो. पोलिसांच्या गाडीचा 'हाय-लो' भोंगा घरातल्या सगळ्यांना एकदा ऐकवून ठेवावा. नेहमीच्या भोंग्यापेक्षा तो वेगळा, दोन सुरांत आलटून पालटून वाजतो, आणि कॅलिफोर्नियात त्याचा अर्थ एकच: आत्ता निघा. शेजाऱ्यांशी बोलून ठेवावं, विशेषतः शेजारी एकटी आजी किंवा आजोबा राहत असतील तर. दारावरची थाप आजही पहिल्या दर्जाची यंत्रणा आहे. आणि लाल झेंड्याच्या दिवशी, म्हणजे हवामान खात्याने 'रेड फ्लॅग वॉर्निंग' दिली असेल तेव्हा, घरातल्या एकाने जागं राहावं, पाळी लावून. जोराचा वारा असेल आणि वीजही गेली असेल तर अधूनमधून अंगणात येऊन फोन मोकळ्या आकाशाखाली धरावा.

आयफोनमधला उपग्रह एसओएस हाच का?

नाही, तो वेगळा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ पासून तो आला आणि ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालतो. त्यात पुढाकार तुमचा असतो: फोन चार-पाच प्रश्न विचारतो, आकाशात कुठे रोखायचं ते दाखवतो आणि तुमचं ठिकाण व बॅटरीची स्थिती मदत केंद्राला कळवतो. मोकळ्या आकाशाखाली पंधरा सेकंदांत काम होऊ शकतं, झाडाखाली मिनिटाहून जास्त लागतं. लाहायनाच्या आगीत मोटारीत अडकलेल्या एका कुटुंबाने याच मार्गाने मदत मागितली आणि ते वाचले.

अमेरिकेत आयओएस १८ पासून याच उपग्रहांवरून साधे मजकूरही पाठवता येतात. गूगलच्या पिक्सेल ९ मध्येही अमेरिकेत अशीच एसओएस सोय आहे. आगीच्या हंगामाआधी फोनमधला सराव मोड एकदा चालवून बघा. धुरात, घाबरलेल्या हातांनी ते पहिल्यांदा करू नये.

रेंज जेमतेम दिसते, पण काहीच जात नाही. मग उपग्रह का जोडला जात नाही?

कारण फोन आधी जमिनीवरच्या टॉवरला चिकटतो. टॉवर गर्दीने कोंडलेला असला तरी फोनच्या लेखी रेंज 'आहे', म्हणून तो वर बघत नाही. आगीतून पळणाऱ्या हजारो गाड्यांच्या रांगेत हेच होतं. अशा वेळी कॉल करत बसू नका. छोटा मजकूर पाठवा, तो वाट काढत जातो. आणि सरकारी इशारा ब्रॉडकास्ट असल्यामुळे कोंडीतही येतो.

इशाऱ्यात कायकाय लिहिलेलं असतं?

फार तर ३६० अक्षरं. धोका काय, कुठे, काय करायचं आणि कोणी पाठवलं. 'इव्हॅक्युएशन वॉर्निंग' म्हणजे तयारीत राहा. म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा जनावरं असतील तर तेव्हाच निघा. 'इव्हॅक्युएशन ऑर्डर' म्हणजे लगेच निघा. कॅलिफोर्नियात बऱ्याच काउंट्यांनी वस्त्यांना क्षेत्रक्रमांक दिले आहेत आणि इशाऱ्यात तो क्रमांक येतो. आपला क्रमांक कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण इंटरनेट गेल्यावर नकाशा उघडणार नाही. लिंक उघडेल असंही धरू नका. वॉच ड्यूटीसारखं ॲप आगीचा माग काढायला उत्तम आहे, पण त्याला इंटरनेट लागतं.

भारतातून आलेल्या आई-बाबांच्या फोनवर इशारा येईल का?

टॉवर चालू असतील तर रोमिंगवरच्या फोनलाही सहसा येतो, कारण प्रसारण नंबर कुठला हे बघत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना चालू आहेत का तेवढं तपासा. उपग्रहाचं मात्र भारतीय सिमवर गृहीत धरू नका. इशारा इंग्रजीत येतो, फार तर स्पॅनिशमध्ये. म्हणून मुलं-सुना कामावर असताना घरी असलेल्या आई-बाबांना मराठीत स्पष्ट सांगून ठेवा: असा कर्कश आवाज आला की वाचत बसायचं नाही, अमुक शेजाऱ्याचं दार वाजवायचं, पासपोर्ट आणि औषधांची पिशवी इथे आहे, आणि भेटायची जागा ही.

दुसऱ्या देशांत काय चाललं आहे?

जपानचे मिचिबिकी उपग्रह दिशादर्शनाच्या लहरींतूनच आपत्तीच्या सूचना पाठवतात. युरोप आपल्या गॅलिलिओ या दिशादर्शक उपग्रहांवरून तसंच करायच्या तयारीत आहे. ऑस्ट्रेलियाला याची गरज कोणी समजावून सांगायला नको. २०१९ च्या शेवटच्या दिवशी मॅलाकूटा गावात हजारो लोक आगीपासून पळून समुद्रकिनाऱ्यावर अडकले आणि अखेर नौदलाने त्यांना बाहेर काढलं. तिथे टेलस्ट्रा या मोबाइल कंपनीने २०२५ मध्ये उपग्रह संदेश सुरू केले.

सह्याद्रीत किंवा गोव्यात वणवा लागला तर असा इशारा येईल का?

आज नाही. भारतात साध्या मोबाइलवर थेट उपग्रहावरून इशारा देणारी सेवा सुरू झालेली नाही. अशा प्रकारचा एक उपग्रह डिसेंबर २०२५ मध्ये इस्रोच्याच एलव्हीएम३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून वर गेला. पण तो अमेरिकी कंपनीचा आहे, आपल्या वणव्यांसाठी नव्हे.

आपल्याकडे दोन गोष्टी आहेत. एक, डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांनी टिपलेल्या आगींची माहिती वनखात्याला आणि नोंदणी केलेल्या कोणालाही मोफत पाठवते. हे उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातात, त्यामुळे मधल्या काळात पेटलेली आग उशिरा कळते. दोन, टॉवरवरून जाणारं सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये चाचणी म्हणून अनेकांचे फोन एकदम वाजले होते, तेच हे. पण घाटमाथ्यावर, वाड्यावस्त्यांवर मुळात टॉवरच नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या आणि हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं, तोही असाच रेंज नसलेला मुलूख. ही दोन टोकं जोडली जायला हवीत. आग वरून दिसते, पण ती कळायला हवी त्या वाडीतल्या माणसाला.

तोवर महाराष्ट्रात वणवा दिसला तर वनखात्याच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. रेंज नसेल तर खाली गावात पोहोचताच कळवा. वनमजूर जाळरेषा काढून, हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. त्यांना मिळालेला प्रत्येक तास मोलाचा असतो.

अमेरिकेतलं गार्मिन इनरीच (उपग्रहावरून संदेश आणि एसओएस पाठवणारं खिशातलं यंत्र) ट्रेकसाठी भारतात आणू का?

आणू नका. इरिडियम आणि थुराया उपग्रहांवर चालणारी यंत्रं भारतात विनापरवाना बाळगणं गुन्हा आहे, आणि इनरीच इरिडियमवर चालतं. याच यंत्रापायी डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पाहुणीला अडवून तिच्यावर कारवाई झाली. "फक्त एसओएससाठी आहे" हे कारण चालत नाही. परवानगीने चालतात ते बीएसएनएलमार्फत मिळणारे इनमारसॅटचे फोन. आयफोन किंवा पिक्सेल आणायला हरकत नाही, पण त्यातली उपग्रहाची सोय भारतात चालत नाही, म्हणून ट्रेकला जाताना गावात कोणाला तरी वाट आणि परतायची वेळ सांगून निघा.